क्वांटम हॅकेथॉनसाठी तुमच्या संस्थेची अडचण द्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वांटम प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना सरावाला बहुधा पुस्तकी प्रश्न मिळतात: दहा बिंदूंचा आलेख दोन गटांत कसा विभागायचा, हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा किती, वगैरे. खऱ्या अडचणी कारखान्यात, एसटीच्या डेपोत, दवाखान्यात, पतसंस्थेत असतात. तिथल्या माणसांना आपली अडचण इथे चालेल का, हे विचारायचाच संकोच वाटतो. फोनवर आणि ईमेलवर पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तुम्ही आमच्याकडून नेमकं काय मागताय?

तुमच्या रोजच्या कामातली एक अडचण, दोन पानांत लिहिलेली. सोबत थोडा डेटा आणि ते काम स्वतः करणारा एक माणूस. विद्यार्थ्यांचे संघ ३६ तासांत त्या अडचणीचं गणित मांडतील, क्वांटम पद्धतीने ते सोडवून पाहतील आणि उत्तर तुमच्या सध्याच्या पद्धतीशी ताडून दाखवतील.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन बहुतेकांना माहीत असतो. २०१७पासून मंत्रालयं आणि कंपन्या तिथे समस्या देतात आणि विद्यार्थी त्यावर काम करतात. आमची रीत तशीच आहे. फरक इतकाच की इथे वापरायचं यंत्र अजून बाल्यावस्थेत आहे, त्यामुळे समस्या निवडताना जास्त चिकित्सा करावी लागते.

आम्हाला क्वांटममधलं ओ की ठो कळत नाही. तरी चालेल?

चालेल, उलट बरं. 'क्वांटम' हा शब्द घुसवण्यासाठी ओढूनताणून रचलेली समस्या लगेच ओळखू येते. तुम्ही तुमची डोकेदुखी साध्या शब्दांत सांगा. ती क्वांटमच्या वाटेने जाते का, हे आम्ही पाहू.

कोणत्या संस्था समस्या देऊ शकतात?

कंपन्या, सहकारी संस्था, नगरपालिका, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था. ग्रामपंचायतही. नोंदणीकृत असावी, एवढीच अट.

कोणत्या प्रकारच्या अडचणी इथे बसतात?

साधारण तीन प्रकार बसतात.

पहिला जुळवाजुळवीचा. कोणत्या पाळीला कोण, कोणत्या यंत्रावर कोणतं काम आधी, कोणत्या गोदामातून कोणता माल. प्रत्येक निर्णय 'हो' किंवा 'नाही' असा मांडता येतो आणि निर्णय वाढले की शक्यता दुपटीदुपटीने वाढत जातात. २०१४ साली फार्ही, गोल्डस्टोन आणि गुटमन यांनी मांडलेली क्यूएओए ही पद्धत अशाच प्रश्नांसाठी आहे आणि हॅकेथॉनमध्ये निम्मे संघ तरी तिच्याकडेच वळतात.

दुसरा रेणूंचा. औषधं, रंग, खतं, बॅटरी या क्षेत्रांतल्या मंडळींनी हा जरूर पाहावा, कारण क्वांटम संगणकाची मूळ कल्पनाच इथली. निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, मग त्याची नक्कल करणारं यंत्रही तसंच हवं, असं रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली मांडलं होतं. फक्त रेणू लहान हवा. २०१७मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ६ क्यूबिट (साध्या संगणकातल्या बिटसारखी क्वांटम संगणकाची एककं) वापरून बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली. तेव्हापासून यंत्रं मोठी झाली, पण तुमच्या औषधाचा अख्खा रेणू ३६ तासांत कुणी सोडवून देणार नाही. त्यातली एखादी अभिक्रिया, एखादा बंध तुटण्याची ऊर्जा असं काही द्या.

तिसरा थोड्या डेटावरच्या वर्गीकरणाचा. म्हणजे काहीशे नोंदी आणि प्रत्येक नोंदीत आठ-दहा मोजमापं: यंत्राच्या कंपनांवरून बेअरिंग बिघडलंय का, असा प्रश्न. या प्रकाराबद्दल आम्ही जरा साशंकच असतो. साधी पद्धत इथे बहुतेक वेळा तितकंच चांगलं उत्तर देते. पण प्रश्न नीट असेल तर घेतो.

न बसणाऱ्या अडचणी याहून खूप आहेत. दहा लाख ग्राहकांच्या नोंदी, सीसीटीव्हीचं चित्रण, गेल्या वीस वर्षांचं हवामान, असं काही असेल तर क्वांटमचा नाद सोडा. एवढा डेटा क्वांटम संगणकात भरायलाच इतका वेळ जातो की पुढे गणित कितीही जलद झालं तरी उपयोग नाही. ॲप हवं असेल, डॅशबोर्ड हवा असेल, तर त्यासाठी दुसरे हॅकेथॉन आहेत.

आमच्या गाड्यांचे मार्ग ठरवायचे आहेत. हे तर क्वांटमसाठी अगदी योग्य ना?

हा प्रस्ताव सर्वांत जास्त येतो: दुधाच्या गाड्या, कचऱ्याच्या घंटागाड्या, कुरिअर, शाळेच्या बस. फोक्सवॅगनने २०१९मध्ये लिस्बनला वेब समिटच्या वेळी काही बसगाड्यांचे मार्ग डी-वेव्ह या कंपनीच्या क्वांटम यंत्रावर ठरवून दाखवले होते, त्याच्या बातम्या अनेकांनी वाचलेल्या असतात.

आता गणित पाहा. एक गाडी, दहा थांबे, पहिला थांबा ठरलेला. उरलेल्या नऊ थांब्यांचे क्रम लागतात ३,६२,८८०. साधा लॅपटॉप हे सगळे क्रम डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. हाच प्रश्न रूढ पद्धतीने क्वांटमसाठी मांडला, तर 'कोणता थांबा कितव्या क्रमांकावर' अशा प्रत्येक जोडीला एक क्यूबिट लागतो, म्हणजे ९ गुणिले ९, एकूण ८१. वर त्यातल्या बहुतेक मांडण्या निरर्थक, म्हणजे एकाच वेळी दोन थांब्यांवर गाडी उभी असलेल्या. मुलांचा सगळा वेळ असे मार्ग गाळण्यातच जातो.

म्हणून मार्गाचा प्रस्ताव आला की आम्ही विचारतो, मार्ग ठरवण्याआधीचा एखादा निर्णय तुम्हाला छळतो का? कोणतं गाव कोणत्या गाडीच्या वाट्याला जावं, किंवा संकलन केंद्रं कुठे असावीत? असे वाटणीचे प्रश्न तेवढ्याच क्यूबिटमध्ये जास्त अर्थपूर्ण उतरतात.

'समस्या लहान करा' असं तुम्ही सारखं सांगता. लहान म्हणजे किती?

साखर कारखान्याचं उदाहरण घेऊ. तोडलेला ऊस यार्डात थांबला की वजन घटतं आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो. उलट गाड्या उशिरा आल्या तर गव्हाण (ऊस टाकायची जागा) रिकामी राहते आणि 'नो केन' म्हणून गाळप थांबतं. शेतकी विभागाला रोज हा तोल सांभाळावा लागतो. हजारो सभासद, ऊसतोडणीच्या शेकडो टोळ्या आणि पूर्ण हंगाम. हा अख्खा प्रश्न आम्हाला देऊ नका.

त्यातल्या एका गट ऑफिसची एका दिवसाची बाजू द्या. समजा ८ टोळ्या आहेत. प्रत्येक टोळीचा माल तीनपैकी कोणत्या पाळीत काट्यावर यावा, एवढंच ठरवायचं. ८ गुणिले ३, म्हणजे २४ हो-नाही निर्णय, म्हणजे २४ क्यूबिट. एवढ्याचं सिम्युलेशन, म्हणजे क्वांटम संगणकाची नक्कल, साध्या लॅपटॉपवर होतं. २४ क्यूबिटची अवस्था साठवायला सुमारे १ कोटी ६८ लाख संख्या लागतात आणि त्या २७० एमबीच्या आसपास बसतात.

आता तुम्ही एक अट घालता: 'कोणत्याही पाळीत ठरलेल्या टनांपेक्षा जास्त ऊस येता कामा नये.' ऐकायला साधी अट. पण 'पेक्षा जास्त नको' हे क्वांटमच्या मांडणीत सरळ लिहिता येत नाही. उरलेली रिकामी जागा मोजायला जादा क्यूबिट लागतात. पाळीमागे ४ धरले तर १२ वाढले, २४चे ३६ झाले. दर क्यूबिटला लागणारी मेमरी दुप्पट होते, म्हणून २७० एमबीची गरज थेट एक हजार जीबीच्या वर गेली. लॅपटॉप बाद. शेतकी अधिकाऱ्याच्या एका वाक्याची ही किंमत!

तीच अट 'प्रत्येक पाळीत साधारण इतके टन यावेत, कमीजास्त झाल्यास तेवढा दंड' अशी मांडली, तर एकही जादा क्यूबिट लागत नाही. म्हणून प्रस्तावात प्रत्येक अटीपुढे लिहा: ही अट मोडली तर काम बंद पडतं, की नुसती कुरकुर होते? ड्रायव्हरने सलग दोन पाळ्या करायच्या नाहीत, ही ताठ अट. अमुक टोळीचा माल शक्यतो सकाळी यावा, ही लवचिक अट. संस्थेतल्या माणसाला हा फरक क्षणात सांगता येतो. मुलांना तो बाहेरून कळणं शक्य नाही, आणि अर्धी हॅकेथॉन त्याच्या शोधात जाते.

थोडक्यात, १५ ते ३० हो-नाही निर्णयांत मावेल असा तुकडा हवा. पण सोपा भाग कापून देऊ नका. ज्या दिवशी खरी ओढाताण झाली, पावसाने दोन रस्ते बंद होते आणि गाड्या अडकल्या, त्या दिवसाची बाजू द्या.

पण ८ टोळ्यांचा प्रश्न तर आमचा ऊसतोडीच्या स्लिपा देणारा स्लिपबॉयसुद्धा सोडवेल!

सोडवेल. प्रत्येक टोळीला तीनपैकी एकच पाळी, म्हणजे कामाच्या शक्यता ६,५६१च आहेत. एक्सेलमध्येही सगळ्या तपासता येतात.

आणि तेच आम्हाला हवं आहे. अचूक उत्तर आधीच माहीत असेल, तर क्वांटमने दिलेलं उत्तर कितपत बरोबर, हे छातीठोकपणे सांगता येतं. मग ८च्या जागी ९, १० टोळ्या घेऊन उत्तराचा दर्जा कसा बदलतो ते पाहायचं. त्या आलेखातून तुम्हाला पुढचा अंदाज येईल.

सध्या आम्ही ते काम कसं करतो, हे इतकं खोदून का विचारता?

तुलना कशाशी करायची ते ठरवण्यासाठी. 'सध्या काहीच पद्धत नाही' हे उत्तर जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. पद्धत असते, ती एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असते. त्यांच्याशी बोला आणि लिहून काढा. आमच्या मते संस्थेला या सगळ्या खटाटोपातून मिळणारा सर्वांत खात्रीचा फायदा हाच.

आणखी एक कारण आहे. क्वांटमच्या दाव्यांना टक्कर देणारी साधी पद्धत नीट बांधली की दावे बऱ्याचदा गळून पडतात. ग्राहकाला काय आवडेल हे सुचवणारी एक क्वांटम पद्धत २०१६मध्ये आली आणि ती कोणत्याही साध्या पद्धतीपेक्षा प्रचंड वेगवान असल्याचं मानलं गेलं. २०१८मध्ये युइन टँग या अमेरिकेतल्या विद्यार्थिनीने जवळपास तशीच कार्यक्षम साधी पद्धत शोधून काढली. अठरा वर्षांची होती ती. आमच्या परीक्षकांपुढे एखाद्या संघाने 'आमच्या पद्धतीपेक्षा साधी पद्धतच सरस निघाली' असं पुराव्यानिशी सांगितलं, तर त्याचे गुण कापले जात नाहीत.

डेटा द्यावाच लागेल का? तो बाहेर गेला तर?

लागेल, पण वरच्या आकारावरून तुमच्या लक्षात आलं असेल की तो एका एक्सेल शीटमध्ये मावतो. नावं, मोबाइल नंबर, आधार, गट नंबर, रुग्णांच्या केसपेपरचे क्रमांक, काहीही पाठवू नका. 'टोळी १', 'टोळी २' पुरे. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मुलांना त्या नावांचा उपयोग काय?

आकडे गोपनीय असतील तर सगळ्यांना एकाच संख्येने गुणा. दर, टन, किलोमीटर यांचं आपापसातलं प्रमाण टिकलं की गणित तसंच राहतं. तेही नको असेल तर खऱ्यासारखा बनावट डेटा द्या, मात्र तो बनावट आहे हे लिहा.

मुलांसोबत एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, करणार असाल तर मात्र नको. शेवटच्या दिवशी सगळी सादरीकरणं सर्वांसमोर होतात, तेव्हा जे चारचौघांत दाखवता येत नाही ते आणूच नका.

हे खऱ्या क्वांटम संगणकावर चालतं की नुसतं सिम्युलेशन?

बहुतेक काम सिम्युलेटरवर, शेवटचा भाग क्लाउडवरच्या खऱ्या यंत्रावर. आयबीएमने २०१६मध्ये ५ क्यूबिटचं यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून हे घरबसल्या शक्य झालं आहे. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने आयआयएससी बंगळूर आणि आयआयटी रुरकी यांच्यासह क्यूसिम हे सिम्युलेटर तयार केलं आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेसोबत ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४मध्ये झाली. तो अर्थातच आपल्या वापरासाठी उपलब्ध नाही, पण विषय इथलाच आहे हे कळावं म्हणून सांगितलं.

खऱ्या यंत्राची अडचण म्हणजे चुका. समजा दोन क्यूबिटवरची एक क्रिया ९९.५ टक्के वेळा बरोबर होते. उत्तम वाटतं. अशा २०० क्रिया एकामागून एक केल्या, तर सगळं बिनचूक पार पडण्याची शक्यता ३७ टक्क्यांवर येते. म्हणून मुलं तोच प्रयोग हजारो वेळा चालवतात आणि आलेल्या उत्तरांमधून चांगलं निवडतात. त्यात यंत्रापुढची रांग. तासन् तास वाट पाहून नंबर लागला आणि प्रोग्राममध्ये चूक निघाली, अशी वेळ येऊ नये म्हणून शेवटच्या रात्री नवा प्रयोग यंत्रावर पाठवायला आम्ही मनाई करतो.

सोमवारपासून आम्हाला हे वापरता येईल का?

नाही.

मिळेल ते असं: तुमच्या अडचणीची स्वच्छ गणिती मांडणी, जी साध्या सॉफ्टवेअरलाही चालते, चालणारा कोड, आणि यंत्रं किती मोठी व किती अचूक झाली की हे तुमच्या कामाचं होईल, याचा हिशेब. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, त्यातलं उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटची यंत्रं देशात उभी करण्याचं आहे. तोवर तुमच्याकडे मांडणी तयार असेल.

'क्वांटम सगळ्या शक्यता एकाच वेळी तपासतो, म्हणून लगेच उत्तर देतो' असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्यावर विसंबून प्रस्ताव लिहू नका. मोजणी केली की एकच उत्तर हाती येतं आणि ते चांगलं यावं यासाठीच सारी कसरत असते. लव ग्रोव्हर यांच्या १९९६च्या प्रसिद्ध शोधपद्धतीतही दहा लाख नोंदींसाठी हजाराच्या घरात फेऱ्या लागतातच.

आमची बँक आहे. क्वांटममुळे पासवर्ड फुटतील म्हणतात, ही समस्या देऊ का?

काळजी रास्त आहे, पण जागा ही नव्हे. पीटर शोर यांनी १९९४मध्ये दाखवलेली पद्धत आजच्या बऱ्याच कूटलेखनाला (एन्क्रिप्शनला) धोक्यात आणू शकते. मात्र त्यावरचा उपाय साध्याच संगणकांवर चालतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये अशी तीन प्रमाणकं प्रसिद्ध केली. तुमच्या कोणत्या प्रणालीत कोणतं कूटलेखन वापरलंय याची यादी करणं हे तुमचं पहिलं काम. ते ऑडिटचं काम आहे, हॅकेथॉनचं नाही. बँकेकडे एटीएममध्ये रोकड भरण्याच्या वाटणीचा प्रश्न असेल तर तो आनंदाने घेऊ.

निघालेल्या उत्तराची मालकी कुणाची?

डेटा तुमचा, कोड संघाचा. कोड मुक्त परवान्याखाली खुला होतो, तुम्हीही वापरू शकता. पेटंटचा विचार असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार नुसतं गणित किंवा अल्गोरिदम पेटंटला पात्र नसतो, आणि जाहीर सादरीकरण झाल्यावर नावीन्याचा दावा लंगडा पडतो.

आमच्याकडून किती माणसं, किती वेळ?

एकच माणूस, पण योग्य. आयटी विभागाचे प्रमुख नकोत, जनसंपर्क अधिकारी तर मुळीच नकोत. रोज ते काम करणारी व्यक्ती हवी: डेपोतले वाहतूक नियंत्रक, वॉर्डच्या ड्यूट्या लावणाऱ्या सिस्टर, शेतकी विभागातले कर्मचारी. आधी एकदा तासभर फोनवर, आणि हॅकेथॉनच्या दोन दिवसांत फोन उचलण्याची तयारी. रात्री दहानंतर फोन करायचा नाही, हे आम्ही मुलांना बजावतो. तरी एखादा येतो.

संघ साहेबांना घाबरतात, पण सिस्टरांना पटापट प्रश्न विचारतात: 'मॅडम, रजा आधी कुणाची मंजूर होते?' असल्या प्रश्नांतूनच मांडणी सुधारते.

फी किंवा प्रायोजकत्व लागतं का?

नाही. प्रायोजकांची समस्या आधी निवडली जाते असंही नाही.

प्रस्ताव मराठीत लिहिला तर?

लिहा. तांत्रिक शब्दांची इंग्रजी यादी आम्ही जोडू. तोडकंमोडकं इंग्रजी वाचून अडचण काय आहे याचा अंदाज बांधण्यापेक्षा ते सोपं जातं.

निवड कशी होते? नाकारलं तर कळवता का?

दोन वाचक प्रत्येक प्रस्ताव वाचतात, एक क्वांटमच्या बाजूचा, एक उद्योगातला. 'चांगलं उत्तर' कशाला म्हणायचं हे एका आकड्यात सांगितलं आहे का, हे ते सर्वांत आधी पाहतात. 'कार्यक्षमता वाढावी' हा आकडा नव्हे. 'गाड्यांचे यार्डातले एकूण ताटकळण्याचे तास' हा आकडा. बाकी त्रुटी असतील तर फोन करून दुरुस्त करून घेतो.

नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावाला कारण लिहून पाठवतो. साध्या सॉफ्टवेअरने काम भागत असेल तर कोणत्या प्रकारच्या, तेही लिहितो. पुढच्या वेळी तोच प्रश्न लहान करून पाठवायला हरकत नाही. एका संस्थेकडून एका वेळी दोनच प्रस्ताव घेतो.